औषधी चूळ आणि तोंडाचा जुनाट दाह: समजुती आणि वस्तुस्थिती

तोंडात चट्टे पडले, हिरड्या लाल झाल्या, आमटीतले तिखटही सोसेनासे झाले की पहिली धाव औषधाच्या दुकानाकडे जाते. 'तोंड आलंय' एवढे सांगितले की माउथवॉशची एक बाटली आणि बी-कॉम्प्लेक्सची पट्टी हाती पडते. बहुतेकांचे त्यावर भागतेही. ज्यांचे भागत नाही ते दुसरी बाटली घेतात, मग तिसरी, आणि त्यात महिने निघून जातात. तोंडातले काही दाह वर्षानुवर्षे टिकणारे असतात. त्यांच्यावर औषधे आहेत, ती महागही नाहीत. उशीर होतो तो काही पक्क्या समजुतींमुळे.

औषधी चूळ हा औषध नेमक्या जागी पोचवण्याचा चांगला मार्ग आहे. गालाच्या आतल्या बाजूस, जिभेखाली, हिरड्यांच्या कडांना मलम धड टिकत नाही. पाणी मात्र सगळीकडे फिरते. पण त्या पाण्यात कोणते औषध आहे आणि ते कोणत्या आजारावर चालते, हे ठरल्याशिवाय चूळ भरण्याला अर्थ नाही. पुढच्या बहुतेक समजुती हा प्रश्न न विचारल्यामुळेच तयार झाल्या आहेत.

तोंड येतं ते अंगातल्या उष्णतेमुळे. गुलकंद, सब्जा घेतला, थंड चुळा भरल्या की जातं.

ही समजूत टिकली, कारण ती अनुभवाला पटते. तोंडातली जखम खरोखर भाजल्यासारखी वाटते, तिच्याभोवती लाल कडा असते, गरम घास लागला की आग होते. शिवाय उपाय लागू पडल्यासारखा दिसतो. तोंड येण्याचा सर्वांत नेहमीचा प्रकार म्हणजे वारंवार उठणारे लहान गोल व्रण. डॉक्टर त्यांना ॲफ्थस अल्सर म्हणतात. त्यांतले बहुतेक एक सेंटिमीटरपेक्षा लहान असतात आणि काहीही न करता ७ ते १४ दिवसांत, वण न ठेवता भरून येतात. पाचव्या दिवशी गुलकंद सुरू केला तर नवव्या दिवशी श्रेय गुलकंदाला मिळते. जाईचा पाला चावला तर पाल्याला, चूळ भरली तर बाटलीला. साधारण पाचांतल्या एका माणसाला हे व्रण होतात, त्यामुळे प्रत्येक उपायाला घराघरांत साक्षीदार सापडतात.

प्रत्यक्षात शरीराची प्रतिकारयंत्रणा तोंडाच्या अस्तरावर एका ठिकाणी थोड्या काळासाठी उलटते आणि तिथे व्रण पडतो. निमित्ते अनेक असतात: दाताची टोकदार कड, चावला गेलेला गाल, मानसिक ताण, घराण्यातला कल, काही जणांना टूथपेस्टमध्ये फेसासाठी घातलेले सोडियम लॉरिल सल्फेट. आणि एक कारण आपल्याकडे हमखास शोधण्याजोगे आहे: लोह, फॉलिक ॲसिड किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शहरातल्या आणि खेड्यांतल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांच्या रक्तात बी-१२ कमी आढळले होते. शाकाहारी घरांत ही कमतरता विशेष दिसते. अशा माणसाचा व्रण चुळीने शांत होईल, पण पुढच्या महिन्यात दुसरा उठेल. रक्त तपासून कमतरता भरून काढली तर हे चक्र थांबू शकते. इथे बी-कॉम्प्लेक्सच्या पट्टीवरही विसंबता येत नाही. कमतरता मोठी असेल तर चार-पाच दिवसांच्या गोळ्या ती भरून काढत नाहीत, आणि कमतरता नसेल तर त्या गोळ्यांनी व्रण थांबत नाहीत.

मधुमेह नसेल तर गुलकंद खाण्यात अपाय काहीच नाही. अपाय आहे तो 'उष्णता' हे उत्तर मिळाल्यावर पुढचा शोध थांबतो त्यात.

माउथवॉश म्हणजे माउथवॉश. तोंडासाठीच असतो, कोणताही चालतो.

बाटल्या एकाच फळीवर मांडलेल्या असतात, रंग आणि पुदिन्याचा वास सारखा, म्हणून आतले औषधही सारखेच असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण क्लोरहेक्सिडीन आणि पोव्हिडोन आयोडीन ही जंतुनाशके आहेत. बेंझिडामीन वेदना आणि सूज कमी करते. बीटामेथासोन, डेक्सामेथासोन ही स्टेरॉइडे प्रतिकारयंत्रणेचा अतिरेक शमवतात. निस्टॅटिन बुरशी मारते. फ्लोराइडची चूळ दात किडू नयेत म्हणून असते, दाहाशी तिचा संबंध नाही.

अदलाबदल केली तर नुसता पैसा वाया जातो असेही नाही. बुरशीवर स्टेरॉइडची चूळ भरली की बुरशी फोफावते. नागिणीच्या जातीतल्या विषाणूंच्या फोडांवर तीच चूळ रोग वाढवू शकते. थायरॉइडच्या रुग्णाने आणि गर्भवतीने आयोडीनची चूळ डॉक्टरांना न विचारता दिवसेंदिवस भरू नये, कारण आयोडीन अंगात शोषले जाते. किरणोपचारांचे उदाहरण याहून बोलके आहे. डोके-मानेच्या कर्करोगासाठी मध्यम मात्रेचे किरणोपचार घेणाऱ्यांच्या तोंडात जो दाह होतो, तो टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना बेंझिडामीनच्या चुळीची शिफारस करतात. त्याच कामासाठी क्लोरहेक्सिडीन वापरू नये असे त्याच सूचना सांगतात.

जितकं झोंबेल तितकं औषध जोरात काम करतंय.

जखमेवर टिंक्चर लावल्याच्या आठवणीतून ही कल्पना आली असावी. माउथवॉशमध्ये झोंबते ते बहुधा अल्कोहोल; काही जुन्या प्रकारांत त्याचे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक असते. तिथे त्याचे मुख्य काम सुगंधी तेले विरघळवण्याचे आहे. लिस्टरिन १८७९ मध्ये अमेरिकेत बनले ते शस्त्रक्रियेतले जंतुनाशक म्हणून. श्वासाच्या दुर्गंधीसाठी त्याची जाहिरात पुढे विसाव्या शतकात झाली. सोलवटलेल्या, दाह झालेल्या अस्तरावर अल्कोहोलने फक्त आग होते आणि तोंड कोरडे पडते. तोंडात व्रण किंवा लाल चट्टे असतील तर अल्कोहोलविरहित चूळच निवडावी. उपयुक्त स्टेरॉइडची चूळ जवळपास झोंबतच नाही, आणि त्यामुळेच काही रुग्ण ती 'पाण्यासारखी' म्हणून सोडून देतात.

गालात पांढरी जाळी दिसते म्हणजे बुरशी किंवा जंतू. जंतुनाशक चूळ भरत राहायचं, जाईल.

या एका गैरसमजापायी जितका वेळ वाया जातो तितका बाकीच्या सगळ्यांनी मिळून जात नसेल. दोन्ही गालांच्या आत बारीक पांढऱ्या रेषांची जाळी, काहींना तिच्यात लाल सोललेले चट्टे, काहींच्या हिरड्या लालभडक आणि सालपट निघालेल्या, तिखट तोंडात घेववत नाही: हे चित्र बहुधा ओरल लायकेन प्लॅनस या आजाराचे असते. इंग्लंडमधील इरॅस्मस विल्सन यांनी १८६९ मध्ये लायकेन प्लॅनसचे वर्णन केले. पॅरिसच्या लुई विकहॅम यांनी १८९५ मध्ये त्या रेषांकडे लक्ष वेधले, म्हणून त्या आजही त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. जगभरात शंभर प्रौढांमागे साधारण एकाला हा आजार असतो. चाळिशीपुढच्या स्त्रियांत तो अधिक दिसतो.

गफलत होते त्याला कारण आहे. तोंडातली बुरशीही पांढरीच दिसते. पण बुरशीचा थर दह्याच्या कवडीसारखा असतो आणि गॉजने पुसला की निघून खाली लाल भाग दिसतो. लायकेनची जाळी पुसून जात नाही, कारण ती अस्तरावर बसलेली नसते, अस्तराचाच भाग असते. या आजारात टी-लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी अस्तराच्या तळातल्या पेशींनाच परक्या समजून मारतात. जिथे जंतूच कारण नाही, तिथे जंतुनाशकाने दाह कसा थांबावा? बाटली संपते, जाळी तशीच राहते, आणि रुग्णाला वाटते आपला जंतूच चिवट आहे.

एका बाबतीत मात्र जंतुनाशक चुळीला जागा आहे. लायकेन हिरड्यांवर असेल तर ब्रश करताना दुखते, म्हणून माणूस ब्रश टाळतो. दातांच्या मुळाशी कीट साठते आणि त्याने हिरडीचा दाह आणखी चढतो. अशा वेळी मऊ ब्रश, दंतवैद्याकडून सफाई आणि थोडे दिवस क्लोरहेक्सिडीन यांचा उपयोग होतो. तो लायकेनवरचा उपचार नसतो. त्यात भर घालणारी एक गोष्ट त्यामुळे दूर होते.

असेच चट्टे काही औषधांमुळेही येतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या, काही वेदनाशामके, मलेरियाविरोधी औषधे ही त्यांतली ठळक. जुन्या चांदीच्या, म्हणजे अमाल्गमच्या भरणाला चिकटून असलेल्या गालावर तेवढ्याच जागी चट्टा येतो. ते भरण बदलले की तो बरेचदा ओसरतो. म्हणून चूळ लिहून देण्याआधी चांगला डॉक्टर चालू गोळ्यांची यादी विचारतो. रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, एवढे इथेच सांगायला हवे.

हा आजार संसर्गाचा नाही. एका ताटात जेवल्याने तो कुणाला होत नाही, आणि त्यासाठी घरातल्या बाईचे भांडे वेगळे काढणे हा तिच्यावर अन्याय आहे.

चुळीत स्टेरॉइड? म्हणजे हाडं ठिसूळ, चेहरा सुजलेला आणि साखर वाढलेली.

ही भीती हवेतून आलेली नाही. सांधेदुखी, दमा, त्वचेचे विकार यांसाठी महिनोन्महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेली माणसे प्रत्येकाच्या ओळखीत आहेत, आणि त्यांचे गोल झालेले चेहरे, वाढलेली साखर, मोडलेली हाडे लोकांनी पाहिली आहेत. काही गोळ्या पुडीतून, नाव न सांगता दिल्या गेल्या, त्याचाही हा परिणाम आहे. भिणारा माणूस चुकीचा नाही. गोळी गिळणे आणि चूळ भरून थुंकणे यांतला फरक त्याला कुणी सांगितलेला नसतो.

गिळलेली गोळी रक्तातून सगळ्या शरीरात जाते. चुळीतले औषध अस्तरावर काही मिनिटे राहते आणि बाहेर टाकले जाते. रक्तात जाते ते थोडे. म्हणूनच ओरल लायकेन प्लॅनससाठी, आणि वरचेवर उठणाऱ्या त्रासदायक ॲफ्थस व्रणांसाठीही, पहिल्या फळीचा उपचार वरून वापरण्याचे स्टेरॉइड हाच आहे. चट्टा एकाच जागी असेल तर ०.१ टक्के ट्रायॲमसिनोलोनची तोंडात चिकटणारी पेस्ट पुरते. चट्टे पसरलेले असतील तर चूळ. नेहमीची पद्धत अशी: बीटामेथासोनची अर्ध्या मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी १० ते २० मिलिलिटर पाण्यात विरघळवायची, ते पाणी दोन ते चार मिनिटे गालांतून, हिरड्यांवरून फिरवत ठेवायचे, आणि थुंकून टाकायचे. दिवसातून किती वेळा ते चिठ्ठीवर लिहिलेले असते, बहुधा दोन ते चार. त्यानंतर अर्धा तास खाणे-पिणे नाही, पाण्याने तोंड धुणेही नाही.

उपचार फसतो तो बहुधा या तपशिलात. पाणी दहा सेकंद तोंडात ठेवून टाकले तर औषधाला वेळच मिळत नाही. मान मागे टाकून घशात घुळघुळ केली तर गाल कोरडेच राहतात आणि घोट गिळला जाण्याची शक्यता वाढते. गोळी भरपूर पाण्यात विरघळवली तर औषध पातळ होते. आणि सर्वांत वाईट म्हणजे, 'गोळी आहे म्हणजे घ्यायचीच' असे समजून ती गिळली जाते. ज्या दुष्परिणामांची भीती होती त्यांची वाट मग खरोखरच मोकळी होते.

वरून वापरलेल्या स्टेरॉइडला धोकाच नाही असे मात्र कुणी सांगू नये. नेहमीचा दुष्परिणाम म्हणजे तोंडात बुरशी येणे. म्हणून बरेच डॉक्टर सोबत बुरशीविरोधी औषध देतात. क्लोबेटासॉलसारखे जहाल स्टेरॉइड दीर्घकाळ वापरले तर शरीरातल्या नैसर्गिक स्टेरॉइडची निर्मिती मंदावू शकते. मधुमेह्याने या काळात साखर तपासत राहावे. खरी चिंता त्या माणसाची वाटते जो दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर तीच गोळी आजही आणतो, किंवा आपल्याला गुण आला म्हणून शेजारणीला देतो. तिचा चट्टा लायकेनचा आहे हे कुणी पाहिलेले नसते.

आग थांबली म्हणजे आजार गेला.

ॲफ्थस व्रणाच्या अनुभवावरून लोक असे मानतात, आणि त्या एका व्रणापुरते ते खरेही असते. लायकेनचे तसे नाही. तो वर्षानुवर्षे राहतो, कधी शांत असतो, कधी उसळतो. चुळीचा हेतू लाल, सोललेले चट्टे भरून आणणे आणि जेवण सुसह्य करणे एवढा आहे. पांढऱ्या रेषा उरल्या, दुखत नसले, तर त्यांच्यासाठी औषध चालू ठेवायची गरज नसते. दाह आटोक्यात आला की औषध हळूहळू कमी करतात, उसळला की पुन्हा सुरू करतात. तपासणी मात्र थांबवायची नसते. जागतिक आरोग्य संघटना या आजाराला कर्करोगाची शक्यता असलेल्या विकारांत मोजते; असा बदल दीर्घकाळात साधारण शंभरांतल्या एका रुग्णात होतो. ९९ जणांना त्याची झोप उडावी असे त्यात काही नाही. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तोंड दाखवून यावे एवढे महत्त्व त्याला नक्की द्यावे.

सुपारी-खर्र्यानं तोंड आखडलं तरी औषधी चुळांनी मोकळं होतं.

विदर्भातला खर्रा, इतरत्र मावा, आणि २०१२ मध्ये राज्यात बंदी येऊनही मिळत राहिलेला गुटखा, या सगळ्यांत सुपारी आहे. सुपारीने होणारा सबम्युकस फायब्रोसिस हा आजार चुळींच्या समजुतीत अडकतो, कारण त्याची सुरुवात दाहानेच होते: तिखट सोसत नाही, तोंडात फोड येतात, कोरड पडते. तेव्हा कोणतीही दाहशामक चूळ भरली की आग कमी होते आणि माणूस खर्रा चालू ठेवतो. आग कमी झाली, पण आतले काम चालूच असते.

ते काम असे. सुपारीतले अरेकोलीन अस्तराखालच्या पेशींना कोलॅजन तंतू अधिक बनवायला लावते, आणि सुपारीतले तांबे त्या तंतूंना एकमेकांशी घट्ट जोडणाऱ्या विकराला चालना देते. गालांत ताठ पट्टे तयार होतात, अस्तर फिकट, संगमरवरासारखे पांढुरके होते आणि तोंड उघडेनासे होते. श्वार्ट्झ यांनी १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये या आजाराचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी मुंबईत डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव दिले. अस्तराखाली आवळून बसलेले तंतू पाण्यातल्या औषधाने विरघळत नाहीत. सुपारी पूर्ण बंद करणे, तोंड उघडण्याचे व्यायाम, पट्ट्यांत स्टेरॉइड आणि हायल्युरोनिडेजची इंजेक्शने, फार आखडले तर शस्त्रक्रिया, असा उपचार असतो. सुपारी सोडली तरी झालेले आखडणे बहुधा पूर्ण मागे जात नाही, म्हणून लवकर सोडण्याला महत्त्व आहे. आपली तीन बोटे एकावर एक धरून दातांमध्ये उभी मावतात का, हे कुणालाही घरी पाहता येते.

'तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो' हा दिलासाही खरा नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तंबाखूशिवायच्या सुपारीलाही माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी केरळमधील सबम्युकस फायब्रोसिसच्या रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा केला. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ७.६ टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झाल्याचे दिसले. मुलांच्या हाती दिल्या जाणाऱ्या गोड सुपारीच्या पुडीतही हीच सुपारी असते.

हिरड्यांतून रक्त येतं तर क्लोरहेक्सिडीन चालू ठेवायची. मग ब्रशचं एवढं काही नाही.

या समजुतीचे मूळ उत्तम विज्ञानात आहे. डेन्मार्कमधील आरहूस इथे हॅराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये दाखवले की निरोगी माणसांनी ब्रश करणे थांबवले तर दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजतात, आणि पुन्हा ब्रश सुरू केला की बऱ्या होतात. १९७० मध्ये ल्यो आणि शिओट यांनी दाखवले की ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनच्या १० मिलिलिटरची चूळ दिवसातून दोनदा मिनिटभर भरली तर ब्रश न करताही कीट साठत नाही. हे औषध दातांना आणि अस्तराला चिकटून राहून तासन्‌तास काम करते.

पण ते प्रयोग आधी स्वच्छ केलेल्या दातांवर झाले होते. आपल्या तोंडात अगोदरच जमलेल्या किटाच्या चिवट थरात हे औषध धड शिरत नाही, टणक झालेल्या किटात तर मुळीच नाही. हिरडी दातापासून सुटून जो खोल खळगा होतो त्याच्या तळाशीही चुळीचे पाणी पोचत नाही, आणि हाड झिजवणारा दाह तिथेच असतो. २०१७ च्या कोक्रेन समीक्षेत ५१ अभ्यास तपासले गेले: हिरड्यांची सौम्य सूज असलेल्यांना ब्रशच्या जोडीला क्लोरहेक्सिडीनचा फायदा होतो, पुढच्या टप्प्यातल्या सुजेबाबत तसे म्हणायला पुरेसा पुरावा नाही, आणि चार आठवड्यांहून अधिक वापराने दातांवर तपकिरी डाग पडतात. ते डाग वरवरचे असतात, सफाईत निघतात. चव बदलणेही औषध थांबवल्यावर जाते. क्वचित कुणाला या औषधाची गंभीर ॲलर्जी असते. चूळ भरल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. पेस्टमधला फेसाचा घटक या औषधाला निष्प्रभ करतो, म्हणून ब्रश आणि चूळ यांत किमान अर्धा तास अंतर ठेवावे.

घरगुती उपायानं फायदा नाही झाला तरी तोटा कसला?

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चूळ भरण्याने खरोखर आराम पडतो आणि तोटा काही नाही. पण दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवल्याने अस्तर अक्षरशः भाजून पांढरे पडते. लवंगेचे शुद्ध तेल व्रणावर तसेच लावले तरी तेच. आणि मशेरी ही भाजलेली तंबाखू आहे. ती हिरड्यांना चोळल्याने दुखणे बधिर होते म्हणून ती औषध वाटते, आणि तिचीच सवय जडते.

दुखत नाही म्हणजे काळजीचं नाही. आणि तुकडा काढला की कॅन्सर पसरतो.

या दोन समजुती हातात हात घालून येतात. दुखणे हा आपल्याला शरीराने दिलेला इशारा असतो, तेव्हा न दुखणारे निरुपद्रवी असणार, हा तर्क रोजच्या आयुष्यात बऱ्यापैकी चालतो. तोंडात तो उलटा पडतो. छोटा ॲफ्थस व्रण जीव नकोसा करतो, आणि सुरुवातीचा कर्करोग बरेचदा मुळीच दुखत नाही. तुकडा काढण्याची भीती अशी पडली, की ज्यांचा कर्करोग उशिरा कळला त्यांची तपासणी झाली आणि थोड्याच दिवसांत ते गेले. क्रम दिसला, कारण मानले गेले. तोंडातला छोटा तुकडा काढून तपासल्याने कर्करोग पसरत नाही. न काढल्याने तो कोणत्या टप्प्यावर आहे हेच कळत नाही.

तपासणीची गरज कर्करोगापुरती नाही. पेम्फिगस व्हल्गॅरिस नावाचा आजार बहुतेक रुग्णांत तोंडातच सुरू होतो. नाजूक फोड येतात, लगेच फुटतात, मागे कच्चे, पसरट, न भरणारे व्रण राहतात. अंगावर फोड येण्याआधी महिनोन्महिने रुग्ण 'तोंड आलंय' म्हणून चुळा भरत असतो. या आजाराला पोटातून औषधे लागतात, आणि ती वेळेत मिळाली नाहीत तर आजार जिवावर बेततो. नुसते पाहून तो इतर व्रणांपासून नेहमी ओळखता येत नाही. तुकडा काढून विशेष तपासणी केली की निदान पक्के होते. त्या तपासणीला सुन्न करण्याचे एक इंजेक्शन आणि एखादा टाका लागतो.

तोंडातला कोणताही व्रण, लाल वा पांढरा चट्टा दोन आठवड्यांनंतरही तसाच असेल तर नवी बाटली आणू नका, तोंड दाखवा. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, आणि गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय, या ठिकाणी यासाठी ओरल मेडिसिनचा स्वतंत्र विभाग आहे. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी आणि आतापर्यंत वापरलेल्या माउथवॉशच्या बाटल्या बरोबर न्या, आणि तंबाखू-सुपारीबद्दल विचारतील तेव्हा खरे ते सांगा.